साहेबांचा मूड कसा आहे?

एक खोली. टेबलामागे पांढऱ्या कोटातले परीक्षक. समोर उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं जातं, ‘या नोकरीसाठी तुम्हीच का लायक आहात, ते पाच मिनिटं बोला.’ तो बोलायला लागतो. परीक्षक हसत नाहीत, मान हलवत नाहीत, आठ्याही घालत नाहीत. नुसते बघत राहतात. मध्येच शब्द संपले, तर कोरडा आवाज येतो, ‘तुमचा वेळ अजून शिल्लक आहे.’ भाषण आटोपलं की तोंडी हिशेब. १०२२मधून १३ वजा करत जायचं. १००९, ९९६, ९८३... जरा कुठे अडखळलं की ‘चूक. पुन्हा १०२२पासून.’

जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी तयार केली आणि १९९३मध्ये प्रसिद्ध केली. चाचणीच्या आधी आणि नंतर लाळेचे नमुने घेऊन त्यातलं कॉर्टिसोल हे संप्रेरक मोजतात. चाचणीनंतर ते दुपटीपासून चौपटीपर्यंत चढलेलं आढळलं. माणसाला कुणी बोट लावलेलं नसतं, विजेचा झटका नसतो, आवाजही चढवलेला नसतो. निर्विकार चेहऱ्याची दोन-तीन माणसं एवढ्यावर काम भागतं. ताणाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा आज हीच पद्धत वापरतात. वीस वर्षांनी, २०१३मध्ये, बोखुम इथल्या संशोधकांनी तिची सौम्य आवृत्ती करून पाहिली. परीक्षक हसून प्रतिसाद देणारे, विषय हलकेफुलके. कॉर्टिसोल जागचं हललं नाही.

मधल्या काळात सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या अमेरिकी संशोधिकांनी अशा २०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला होता. कठीण काम, मोठा आवाज, किचकट गणित यांनी ताण येतो. पण शरीर सगळ्यात जोरात पेटून उठतं ते दोन गोष्टी जुळून आल्यावर. दुसरं कुणी आपल्याला जोखत असतं आणि निकाल आपल्या हातात नसतो. अशा वेळी कॉर्टिसोल सर्वाधिक चढतं आणि उतरायलाही सर्वाधिक वेळ घेतं.

दुसऱ्याने जोखणं आणि निकाल हातात नसणं. सोमवारच्या आढावा बैठकीचं याहून नेमकं वर्णन करता येणार नाही.

आपल्याकडे हे विज्ञान प्रयोगशाळेशिवायच ठाऊक आहे. केबिनबाहेर स्टुलावर बसलेल्या शिपायाला आत जाणारा प्रत्येक जण दबक्या आवाजात विचारतो, ‘साहेबांचा मूड कसा आहे?’ शिपाई हाताने खूण करतो आणि त्या खुणेवर फाइल आत जाते किंवा टेबलावर परत येते. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी वडीलधारा कानात सांगतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या परत गेलेल्या फाइलमध्ये काय होतं, हे साहेबांना कळत नाही, आणि ती परत नेणाऱ्याच्या छातीत काय चाललं होतं, तेही नाही. एकाच भीतीची ही दोन टोकं आहेत. कंपन्या मात्र ती दोन वेगळ्या खात्यांकडे सोपवतात. सुरक्षा अधिकारी हेल्मेट आणि बूट बघतो, मनुष्यबळ विभाग योगदिन आणि समुपदेशनाची हेल्पलाइन बघतो, आणि ज्याच्या चेहऱ्यावर हे सगळं ठरतं तो दोघांच्याही यादीत नसतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एमी एडमंडसन हार्वर्डमध्ये पीएचडी करत होत्या. दोन रुग्णालयांमधले आठ विभाग त्यांनी अभ्यासाला घेतले होते. रुग्णाला चुकीचं औषध, चुकीची मात्रा, चुकीच्या वेळी, अशा औषधांच्या चुका कुठे किती होतात याची नोंद डॉक्टर-परिचारिकांचं एक वेगळं पथक करत होतं. एडमंडसन यांच्याकडे संघभावनेची प्रश्नावली होती. ज्या विभागात प्रमुख चांगली आणि माणसं एकमेकांना धरून, तिथे चुका कमी असणार, हे उघड होतं. आकडे आले ते नेमके उलटे. चांगल्या नेतृत्वाच्या विभागांत चुका जास्त!

प्रबंध बुडाला, असं कुणालाही वाटलं असतं. एडमंडसन यांनी एक साधा प्रश्न विचारला. चुका जास्त होतात, की जास्त सांगितल्या जातात? त्यांनी एका सहायकाला या विभागांत पाठवलं. त्याला ना आकडे सांगितले होते, ना त्यांची शंका. नुसतं बघून ये, बोलून ये. तो जे घेऊन आला ते वाचताना कुठल्याही रुग्णालयात चार दिवस काढलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल. एका विभागातली प्रमुख परिचारिका इतरांसारख्याच कामाच्या कपड्यांत वॉर्डात वावरायची, स्वतः हात लावायची. तिथल्या परिचारिका म्हणत होत्या, चूक झाली की सांगायची, त्याशिवाय सुधारणार कशी? दुसरीकडची प्रमुख कडक सूटमध्ये, चर्चा दाराआड. तिथल्या परिचारिका सांगत होत्या की चूक झाली म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं होतं. आता हे वर्णन आकड्यांशेजारी ठेवून बघा. मोकळ्या विभागात चुका वर येत होत्या, धाकाच्या विभागात गाडल्या जात होत्या. रुग्णाच्या नसेत गेलेलं औषध दोन्हीकडे तेच.

या अनुभवातून एडमंडसन यांचा १९९९चा गाजलेला शोधनिबंध उभा राहिला. एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांचा अभ्यास करून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ मोजता येते आणि ती गटागटांत वेगळी असते, हे दाखवलं. प्रश्न विचारला, शंका काढली, चूक कबूल केली तर इथे आपली शोभा होणार नाही, हा गटातल्या माणसांचा सामायिक विश्वास. एकाच कंपनीत, एकाच पगारावर, एकाच छपराखाली हा विश्वास एका गटात भरपूर आणि शेजारच्या गटात शून्य असू शकतो. म्हणजे तो कंपनीच्या धोरणपुस्तिकेत नसतो. तो त्या त्या गटाच्या प्रमुखाभोवती तयार होतो.

हे वाचल्यापासून कारखान्याच्या फाटकावरचा ‘अपघाताशिवाय इतके दिवस’ हा फलक दिसला की मला आधी शंका येते, आनंद नंतर. एखाद्या फाटकावरचा आकडा खराही असेल. पण तो आकडा टिकला तर बक्षीस आणि मोडला तर सगळ्या पाळीला बोलणी, अशी व्यवस्था असेल, तर कापलेल्या बोटाला रुमाल गुंडाळून घरी जाणारा कामगार तिथे असणारच.

आता अपमानाचा एक प्रयोग. इस्रायलमध्ये नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांतल्या २४ पथकांना एका प्रशिक्षणासाठी बोलावलं होतं. प्रत्येक पथकात एक डॉक्टर आणि दोन परिचारिका, समोर अर्भकाचा पुतळा, आणि त्या ‘बाळा’ची प्रकृती आतड्याच्या एका गंभीर आजाराने ढासळत जाणार, असा प्रसंग. अमेरिकेतले एक तज्ज्ञ पडद्यावरून हे पाहत आहेत, असं पथकांना सांगितलं. निम्म्या पथकांशी हे तज्ज्ञ नेमस्तपणे बोलले. उरलेल्या निम्म्यांना त्यांनी सुनावलं की इथल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा काही फार नाही, अशी माणसं माझ्या विभागात आठवडाभरही टिकली नसती. शिवी नाही, आरडाओरडा नाही. आपल्याकडच्या कित्येक विभागप्रमुखांच्या तोंडी यापेक्षा जास्त तिखट वाक्य चहाच्या वेळी असतं.

२०१५मध्ये अरीह रिस्किन आणि अमीर एरेझ यांच्या गटाने निष्कर्ष प्रसिद्ध केले. टोमणे खाल्लेल्या पथकांचं निदान आणि प्रत्यक्ष उपचार दोन्ही लक्षणीयरीत्या घसरले. पथकांच्या कामगिरीतल्या फरकापैकी सुमारे १२ टक्के वाटा एकट्या त्या उद्धटपणाचा निघाला. कारणही सापडलं. या पथकांतली माणसं एकमेकांना माहिती कमी देत होती, मदत कमी मागत होती. बाहेरच्या एका माणसाने दोन वाक्यं टाकली आणि आतल्या तिघांमधली वाट बंद झाली. गंमत म्हणजे तो माणूस त्यांचा साहेबही नव्हता.

आणि खरोखरचा साहेब असेल तर?

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या तेनेरिफे विमानतळावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात. केएलएमच्या विमानाचे कप्तान याकोब फान झान्टेन हे त्या कंपनीतल्या ७४७च्या वैमानिकांचे मुख्य प्रशिक्षक. कंपनीच्या जाहिरातींत त्यांचा फोटो असायचा. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला ७४७ चालवण्याची पात्रता सुमारे दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच दिली होती.

कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात एक जागा आहे, ती मला टकरीइतकीच भयंकर वाटते. कप्तानांनी परवानगी नसतानाच इंजिनांना जोर दिला. सहवैमानिकाने लगेच टोकलं की थांबा, नियंत्रण कक्षाची परवानगी अजून मिळालेली नाही. कप्तानांनी ब्रेक लावले. माहीत आहे मला, विचार त्यांना, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. म्हणजे सहवैमानिक गप्प बसणारा नव्हता. तो बोलला, बरोबर बोलला, आणि त्याचं ऐकलंही गेलं. काही क्षणांत कप्तानांनी दुसऱ्यांदा विमान सोडलं. उड्डाणाची परवानगी तेव्हाही नव्हती. या वेळी सहवैमानिकाने अडवलं नाही. मुख्य प्रशिक्षकाला एका मिनिटात दोनदा चूक दाखवायची? मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने रेडिओवरचं बोलणं ऐकून विचारलं, ते पॅन अ‍ॅमचं विमान अजून धावपट्टीवरून हटलेलं नाही का? कप्तानांनी ठासून सांगितलं, हटलंय की. इंजिनिअर गप्प झाला. पुढच्या काही सेकंदांत धुक्यातून पॅन अ‍ॅम समोर आलं.

माणसाच्या गाठीला हरकतींचा साठा असतो आणि तो फार थोडा असतो, असं या ध्वनिमुद्रणाचा मजकूर वाचून वाटतं. पहिली हरकत कशी घेतली गेली, यावर दुसरी येणार की नाही हे ठरतं. कप्तानांनी पहिल्या वेळी रागही केला नव्हता. नुसतं ‘मला माहीत आहे’ एवढ्याने साठा संपला.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७८मध्ये, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान चाकांतला बिघाड निस्तरण्यासाठी घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. दहा जण गेले. इंधन उतरतंय हे सहकाऱ्यांना दिसत होतं. त्यांनी ते आडून आडून सुचवलंही, पण चाकांत गुंतलेल्या कप्तानांपर्यंत ते पोचलं नाही. या दोन अपघातांनंतर विमान क्षेत्राने जे केलं ते इतर कुठल्या धंद्याने इतक्या गांभीर्याने केलेलं नाही. १९७९मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, १९८१मध्ये युनायटेडने वैमानिकांसाठी नवं प्रशिक्षण सुरू केलं. त्यात कनिष्ठांना स्पष्ट बोलायला शिकवलं जातं, आणि कप्तानांना, जे जास्त अवघड, ऐकायला. १९८९मध्ये त्याच कंपनीचं एक डीसी-१० सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी होऊनही सू सिटीला उतरवण्यात आलं. २९६पैकी १८४ माणसं वाचली. कप्तान अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये बोलावून इंजिनांचे दांडे त्याच्या हाती दिले होते. नंतर ते जन्मभर श्रेय त्या प्रशिक्षणाला देत राहिले.

प्रशिक्षण आपल्याकडेही आलं. तरी २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळुरूला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ जणांचा मृत्यू झाला, आठ वाचले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. अहवालातून दिसलं की कप्तान प्रवासातला बराच काळ झोपले होते, विमान खूप उंचावरून येत होतं, आणि सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं रद्द करून पुन्हा वर चला, असं सांगितलं होतं. यंत्राचे इशारेही चालू होते. कप्तान उतरत राहिले.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोडला पावसात जवळपास तीच कथा. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. कप्तान हवाई दलातून आलेले, मोठ्या अनुभवाचे, सगळ्यांच्या आदरातले. अहवालानुसार सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. नियमाप्रमाणे त्याने पुढे होऊन नियंत्रण आपल्या हाती घ्यायला हवं होतं. अधिकाराची उतरंड इतकी तीव्र होती की समोर संकट दिसत असूनही तो हात पुढे करू शकला नाही, असं अहवाल म्हणतो.

इथे थांबलं तर सगळा दोष दोन मृत माणसांवर टाकून मोकळं होता येतं, आणि आपल्याकडे बहुधा तेच होतं. अहवाल मात्र तिथे थांबत नाही. कप्तानांना कोळिकोडलाच उतरायची ओढ का होती? दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांच्या नावावर होतं, आणि त्या तळावर पुरेसे कप्तान नव्हते. तसं का होतं? तर कंपनीच्या मनुष्यबळ धोरणामुळे. अहवालात हे स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे. सहवैमानिकाची वाचा कप्तानांच्या दबदब्याने बसली असेल, तर कप्तानांवर कुणाचा दाब होता? आपल्या कचेऱ्यांतला मधल्या फळीचा साहेब रोज एकच वाक्य म्हणतो, ‘मी वर काय सांगू?’ खाली ओरडणाऱ्यांतले बरेच जण वरून घाबरलेले असतात. चौकशी सहसा त्यांच्या मजल्यावर येऊन संपते.

मग ज्यांचं विमान पडत नाही, त्यांचं काय? कारकून, शिक्षिका, बँकेतला अधिकारी, कॉल सेंटरमधली मुलगी यांच्या गप्प राहण्याने कुणी मरत नाही. निदान लगेच नाही.

लंडनमध्ये मायकेल मार्मट यांनी ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांचा दीर्घ अभ्यास केला. ‘व्हाइटहॉल’ नावाने तो प्रसिद्ध आहे. सगळे पांढरपेशे, सगळ्यांना नियमित पगार, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा. तरी पहिल्या अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. मोठ्या साहेबांना ताण जास्त आणि म्हणून हार्ट अ‍ॅटॅकही त्यांनाच, हा समज तिथे मोडीत निघाला. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी फरकाचा काही भाग समजला, सगळा नाही. १९८५मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १०,३०८ स्त्री-पुरुष होते. त्यात आपल्या कामावर आपला किती ताबा आहे, हा घटक पुढे आला. याच अभ्यासातल्या ६,४४२ पुरुषांची माहिती घेऊन मिका किविमाकी यांनी २००५मध्ये अजून एक गोष्ट दाखवली. साहेब ऐकून घेतो का, विनाकारण बोलतो का, माहिती नीट देतो का, अशा प्रश्नांवर ज्यांची उत्तरं चांगली होती, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होतं.

स्टॉकहोम परिसरातल्या ३,१२२ पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास याहून थेट आहे. १९९२ ते १९९५ दरम्यान त्यांना आपापल्या साहेबाबद्दल विचारलं गेलं आणि पुढे २००३पर्यंत रुग्णालयांच्या व मृत्यूच्या नोंदी तपासल्या गेल्या. ७४ जणांना हृदयरोगाचा गंभीर झटका आला. ज्यांनी साहेबाला जास्त गुण दिले होते, त्यांच्यात धोका कमी; आणि एकाच ठिकाणी नोकरीची वर्षं वाढत गेली तसा हा संबंध घट्ट होत गेला. अ‍ॅना नीबेर्ग यांच्या या अभ्यासाला मर्यादा आहेत. सगळे पुरुष, एकच शहर, ७४ ही संख्या लहान. शिवाय आधीच खचलेल्या माणसाला साहेब वाईट दिसत असेल, ही शंका अशा कुठल्याही अभ्यासाला चिकटून राहते. पण मात्रेनुसार वाढत जाणारा परिणाम असला की साथरोगतज्ज्ञ कान टवकारतात. आणि इथे मात्रा म्हणजे त्या एकाच ठिकाणी काढलेली वर्षं.

जीवशास्त्र या चित्राशी जुळतं. कॉर्टिसोल वाईट नव्हे. सकाळी अंथरुणातून उठायलाही ते लागतं. अधूनमधून चढलं आणि उतरलं तर शरीराला त्याचं काही वाटत नाही. ते उतरेनासं झालं की रक्तदाब, साखर, झोप सगळीकडे गडबड सुरू होते. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. साहेब समोर नसतानाही त्यांच्या शरीरात बैठक चालूच असते.

स्टॉकहोमच्या प्रश्नावलीत मला एक गोष्ट फार आवडली. साहेब माहिती देतो का, उद्दिष्टं समजावून सांगतो का, माझी विचारपूस करतो का, काम चांगलं झालं तर कौतुक करतो का, हे प्रश्न अपेक्षितच आहेत. पण त्यांच्या रांगेत हेही आहे : काम चांगलं झालं नाही, तर साहेब तसं सांगतो का? सांगत असेल तर गुण मिळतात. म्हणजे गोड बोलणारा, कुणालाच न दुखावणारा, वर्षअखेरीच्या अहवालात सगळ्यांना ‘उत्तम’ देणारा साहेब या मोजपट्टीवर मागे पडतो. मानसिक सुरक्षितता म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणं, असा समज आता कॉर्पोरेट शिबिरांतून जोरात पसरतो आहे, आणि तो चुकीचा आहे. चूक दाखवली गेलीच पाहिजे. प्रश्न आहे तो चूक दाखवताना माणूस उघडा पाडला जातो का, याचा. आपल्याकडे खरडपट्टी चार लोकांत काढायची आणि कौतुक केबिनमध्ये बोलावून करायचं, अशी उलटी रीत पडली आहे.

नियम करून हे साधतं का? शस्त्रक्रियेच्या यादीची गोष्ट त्यासाठी बघण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी अतुल गवांदे यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी वाचायची १९ कलमांची यादी तयार केली. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८वर आणि गुंतागुंतीचं ११वरून ७ टक्क्यांवर आल्याचं २००९मध्ये प्रसिद्ध झालं. यादीतलं एक कलम अगदी बिनमहत्त्वाचं वाटतं. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा स्वतःचा आवाज खोलीत उमटला की पुढे अडचण दिसल्यावर तोंड उघडणं सोपं जातं, असा त्यामागचा विचार. सर्जन आणि परिचारिका वर्षानुवर्षं एकाच टेबलाशी उभ्या, पण नाव माहीत नाही. हाक फक्त ‘सिस्टर!’

पुढे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने ही यादी सक्तीची केली. १०१ रुग्णालयांची आकडेवारी २०१४मध्ये आली. मृत्यू आणि गुंतागुंत, दोन्हींत लक्षणीय फरक नाही! त्यावर पुष्कळ वाद झाले. मोजण्याचा काळ कमी होता, असंही म्हटलं गेलं. मला त्यातलं एक स्पष्टीकरण पटतं, कारण ते आपल्या रोजच्या पाहण्यातलं आहे. यादी भरली जात होती, वाचली जातच होती असं नाही. कागदावर टिक करणं आणि सर्जनने मान वर करून शेवटच्या टोकाच्या माणसाकडे बघणं, यात सगळा फरक आहे. त्यातली टिक तेवढी सक्तीने करून घेता येते.

ती मान वर करण्याचा परिणामही एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजला आहे. छाती पूर्ण न उघडता हृदयशस्त्रक्रिया करण्याचं नवं तंत्र १६ रुग्णालयं शिकत होती. सर्वांना एकच यंत्र, एकच प्रशिक्षण. काही पथकं झपाट्याने तयार झाली, काहींनी तंत्र सोडून दिलं. सर्जनची ज्येष्ठता किंवा रुग्णालयाचं नाव यांनी हा फरक समजत नव्हता. यशस्वी पथकांत सर्जनने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की या पद्धतीत मला सगळं दिसणार नाही, तुम्ही बोलला नाहीत तर जमणार नाही. मागे पडलेल्या एका ठिकाणी सर्जनच्या मते हे त्याचं नवं कसब होतं आणि बाकीच्यांनी नेहमीसारखी साथ द्यायची होती.

आपल्याकडे ‘मला सगळं दिसत नाही’ हे साहेबाच्या तोंडून येणं सोपं नाही. साहेबाला सगळं दिसलं पाहिजे, अशी हाताखालच्यांचीही अपेक्षा असते. विचारणारा साहेब त्यांना कच्चा वाटतो. वडीलधाऱ्यांसमोर उलट बोलू नये, हे घरात शिकलेलं पोर सव्वीसाव्या वर्षी बैठकीत अचानक कुठून बोलणार? म्हणून ‘काही शंका असतील तर विचारा’ असं म्हणून घड्याळ बघणाऱ्याला शंका कधीच मिळत नाहीत. ‘या योजनेत काय बिघडू शकतं, प्रत्येकाने एक-एक सांगा’ असं म्हणून सर्वांत कनिष्ठापासून सुरुवात करणाऱ्याला मिळतात. ज्येष्ठ आधी बोलले की पुढचे सगळे त्यांची री ओढतात.

संस्थेच्या पातळीवर काय करता येतं, याचा एक जुना नमुना अमेरिकी विमान क्षेत्रात आहे. १९७६पासून तिथे वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ कुणीही स्वतःच्या किंवा इतरांच्या चुकीची खबर देऊ शकतो. परवाना देणाऱ्या आणि काढून घेणाऱ्या यंत्रणेपासून हे काम वेगळं राहावं म्हणून ते मुद्दाम नासाकडे दिलं गेलं. घटनेनंतर दहा दिवसांत खबर दिली, चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि गुन्हा वा अपघात घडलेला नसेल, तर दंड किंवा परवाना निलंबन टळू शकतं. कागदी अर्जाच्या वरच्या बाजूला नाव-पत्त्याची एक पट्टी असते. अर्ज आला की ती पट्टी फाडून, शिक्का मारून, ज्याची त्याला परत पाठवतात. उरलेल्या कागदावर माणूस कोण ते राहत नाही, फक्त काय घडलं ते राहतं. असे लाखो अर्ज आजवर जमा झाले आहेत.

आपल्या कंपन्यांतही आता वर्षातून एकदा मानसिक सुरक्षिततेचं सर्वेक्षण निघतं. त्यात बहुधा एडमंडसन यांच्याच सात विधानांतली काही असतात. पहिलं विधान असं की या गटात चूक केली, तर ती तुमच्यावर धरली जाते. सहमत की असहमत, खूण करायची. त्याआधी, पानाच्या अगदी वर, तारांकित रकाना असतो : कर्मचारी क्रमांक. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.